मंगलबाईंची बदली

ओतूर
६ जानेवारी २०२५

झुंबर आजी,

नमस्कार. मी श्रेया, ओतूरच्या मंगलबाईंची नात. गोरख माझे बाबा. मी इथल्याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्र लिहायची मला सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. तुमचा फोन नंबर कुणाकडेच मिळाला नाही. माझ्या वर्गात तिकडची एक मुलगी आहे, ती म्हणाली तळेघरच्या वरच्या वाड्यांना रेंजच नसते. पत्ता आजीच्या वहीत होता.

आजी गेली त्याला आता वर्ष होईल. तिचं वर्षश्राद्ध २ मार्चला, रविवारी, ओतूरला आहे. त्या दिवशी तिच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायची असं मी ठरवलंय. तिचे विद्यार्थी लेख पाठवतायत. एक तहसील कचेरीत आहेत, एक डॉक्टर आहेत. पण सगळे एकच लिहितात, ‘बाई आम्हाला मातेसमान होत्या.’ वाचताना ती मला माझी आजी वाटतच नाही. माझी आजी लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन काढायची. चुका दुरुस्त करून ती पत्रिका पाहुण्यांच्या हातात परत द्यायची. काही पाहुणे परत कधी आले नाहीत.

ती तुमचं नाव घ्यायची. म्हणायची, “माझी तिकडची पहिली विद्यार्थिनी पोर नव्हती, बाई होती. झुंबर.” पुढं विचारलं की चहा ठेवायला उठायची.

तुम्ही दोन पानं लिहाल का? आणि कार्यक्रमाला येऊन दोन शब्द बोलाल का? आम्ही गाडी पाठवू.

तुमची,
श्रेया

*

वाडी, पोस्ट तळेघर
१४ जानेवारी, संक्रांत

श्रेया, पोरी,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं सगळ्यांच्या देखत हातात दिलं, त्यामुळं दोन दिवस अख्खी वाडी इचारतीये, म्हातारे, तुला कोर्टाची नोटीस आली काय. मी म्हणलं व्हय, तुमच्या नावाची.

हे मी माझ्या हातानं लिहितीये. नातवाला सांगितलं असतं तर त्यानं लिहिलं असतं, पण तो मधी मधी आपलं घालतो.

तुझी आजी गेल्याचं मला कळलं व्हतं. तळेघरच्या बाजारात कुणीतरी बोललं. मी सुकट घेत व्हते. सुकट घेतली आन घरी आले. रडले न्हाई. मला ते जमत न्हाई.

मातेसमान म्हणं! ती आमच्याकडं आली तवा चोवीस वर्षांची व्हती. एक पत्र्याची पेटी आन पायात टाचेच्या चपला. तळेघरपासून आमची वाडी दीड तास चढण, तवा रस्ता न्हवता. वर येईस्तोवर एक टाच तुटली. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी टाच दगडानं ठेचून काढली आन म्हणली, झाल्या दोनी सारख्या. मी तवाच सासूला म्हणलं, ही टिकंल.

नाचणीची भाकरी तिला दहा वर्षांत आली न्हाई. तव्यावर टाकली की तिचा नकाशा व्हायचा. माझी थोरली पोरगी लंका, सात वर्षांची, तिला म्हणायची, “बाई, तुमी गणितं घाला, भाकरी मी घालते.” आवणीला चिखलात उतरायची हौस लई. पण भात असा वाकडा लावायची की सासू मागनं उपटून परत लावायची. तोंडावर बोलायची न्हाई, कारण बाई सरकारी.

पोरांना गणित शिकवायला तिनं हिरडा घेतला. हिरडा म्हंजे आमच्या रानातलं फळ. औषधाला जातं. उन्हाळ्यात झाडावर चढून काढायचं आन वाळवून इकायचं, त्यावर आमचं मीठमिरची चालतं. ती म्हणायची, दहा हिरड्यांचा ढीग म्हंजे एक दशक. पोरांनी दशकं खिशात घालून घरी नेली. दुसऱ्या दिवशी ही दारोदार, “माझी दशकं द्या.”

मी माहेरी तिसरीपर्यंत गेले व्हते, पण लग्नानंतर सगळं पुसलं. मग आमचा सौदा ठरला. मी तिला रोज झऱ्याचं दोन हंडे पाणी आणून द्यायचं, तिनं मला दुपारी शाळेच्या व्हरांड्यात अक्षरं शिकवायची. दोन वर्षं शिकवलं. मारायची न्हाई, पण बोलायची. “झुंबर, हा तुझा झ हाये का पाय मोडलेला खेकडा?” पोरं हसायची. मी बी हसायची.

तुझा बाप इथंच रांगला. ती शाळेत, तो माझ्या पडवीत. लंका त्याला काखेत घेऊन हिंडायची.

छापायचं तर एवढं छाप. भाषणाला मी येणार न्हाई. गुडघे गेलेत. गाडीबिडी पाठवू नको.

आन एक इचारते. ती आमच्याकडून का गेली, ते तिनं घरात काय सांगितलं व्हतं? उगं इचारते. न्हाई सांगितलंस तरी चालंल.

झुंबरबाई

*

ओतूर
२१ जानेवारी २०२५

झुंबर आजी,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं, ती टाचेच्या चपलांना एवढी हसली की भाजी लागली. ही माझी आजी! तुमचं पत्र पुस्तिकेत सगळ्यात पुढं घेतलंय. वर नाव दिलंय, ‘पहिली विद्यार्थिनी’. छापखान्यातून आलेलं कच्चं पान सोबत पाठवतेय, बघा.

आणि आता तुम्हाला यावंच लागेल. कार्यक्रमात तुमचा सत्कार ठरलाय. तुम्हाला साडी नेसवायची आणि सगळ्यांसमोर सांगायचं, की आजीनं आधी एका बाईला शिकवलं, त्या बाईनं आज असं पत्र लिहिलं. मी इरकल घेतलीय, हिरवी.

तुम्ही विचारलंत, आजी तिकडून का गेली. त्यात विशेष काही नाही, म्हणजे आमच्या घरात आहे. आजीनं स्वतः बदली मागून घेतली होती, मुख्याध्यापिका व्हायला मिळणार म्हणून. तिकडं पार इंदापूरच्या बाजूला. बाबा तेव्हा चार वर्षांचे. त्यांना तिनं ओतूरला आणून त्यांच्या साळू काकीकडं ठेवलं आणि गेली. साडेतीन वर्षं. सुट्टीत यायची. आजोबा हौशीराम शेतात, ते दिवसभर दिसायचे नाहीत.

बाबा ते विसरले नाहीत. आजी निवृत्त होऊन घरी आल्यावरही ते दोघं एकमेकांशी थेट बोलायचे नाहीत. “श्रेया, आजीला सांग जेवायला ये.” आजी त्याच खोलीत, समोर बसलेली. ती मला म्हणायची, “त्याला सांग, भूक नाही.” मी लहान असताना मला वाटायचं सगळ्या घरांत असंच असतं.

पुस्तिकेसाठी बाबांना दोन ओळी मागितल्या, तर म्हणाले, “माझ्या लहानपणी ती कुठं होती ते आधी लिही. मग मी लिहितो.” वर्षश्राद्धाचं ते सगळं करतायत, मंडप, आचारी, सगळं. पण परक्या माणसाचं केल्यासारखं. मी आजीला एकदा विचारलं होतं, तू बाबांना का सोडलंस? ती म्हणाली, “नोकरी होती.” तेवढंच.

तुम्ही आलात आणि आजी तिकडं कशी होती ते बोललात, तर बाबा निदान ऐकतील. माझ्यासाठी या.

तुमची,
श्रेया

*

वाडी
३० जानेवारी

श्रेया,

साडी दुकानात परत दे. आन ते छापलेलं पान थांबव. छापखान्यात फोन कर, तुमच्याकडं रेंज हाये. मग पुढं वाच.

तुझ्या आजीनं बदली मागितली न्हवती. तिची तक्रार झाली व्हती. वाडीनं केली. त्या अर्जावर माझी सही हाये.

आता बैजवार सांगते. शहाऐंशी सालचा उन्हाळा. हिरडा निघाला व्हता. लंका दहा वर्षांची, चौथीत. बाईच्या मनात तिला चौथी झाली की जुन्नरला वसतिगृहात घालायची. अर्ज बी आणला व्हता. माझ्या मनात न्हवतं. घरात तान्हं मूल, सासू, आन हिरडा काढायला हलकं माणूस लागतं, बारक्या फांदीवर जाणारं. मी लंकीला शाळेतनं काढून झाडावर चढवली.

बाई तरातरा रानात आली. झाडाखाली आमी सात-आठ बाया.

“झुंबर, उतरव तिला. परीक्षा आठ दिवसांवर आली.”

मी म्हणलं, “मग हिरडा काय तुमी काढणार?”

“काढते की!” म्हणली आन खरंच पदर खोचून बुंध्याला हात घातला. बाया हसल्या. मग ती माझ्याकडं वळली. “तुला दोन वर्षं अक्षरं शिकवली ती कशाला गं? पोरीला फांदीला टांगायला? तुझ्यापेक्षा दगड शिकला असता.” बाया आणखी हसल्या. माझी सासू सगळ्यात जोरात. पुढं महिनाभर घरात मला दगड म्हणत व्हती. ए दगडा, ताक दे.

ती बोलली ते खरं व्हतं, म्हणून झोंबलं.

गेणभाऊ आमच्या वाडीचा म्होरक्या. आता मेला. शाळेत पोरांना खायला सरकारी सुकडी यायची, त्यातलं पोतं हा गपचूप बैलांना न्यायचा. बाईनं खोलीला कुलूप लावलं. त्यानं अर्ज लिहून आणला. बाई येळेवर येत न्हाई. पोरांकडून पाणी भरून घेती. बारा अंगठे उठवून घेतले व्हते. माझ्या दारात येऊन म्हणला, “झुंबरे, हाफिसातला साहेब म्हणतो अंगठे कुणीबी उठवतो, त्याला किंमत न्हाई. एक तरी सही पायजे.” वाडीत सही येणारं माणूस कोण? त्याला सोताला येत न्हवती. मला येत व्हती.

तुला वाटंल न वाचता केली. न्हाई. वाचला. बोट ठेवून सगळा वाचला. ‘पोरांकडून पाणी भरून घेती’ हे बी वाचलं. पाणी कोण भरायचं? मी. माझ्या खुशीनं. मग खाली सही केली. लई सावकाश केली, चांगली यावी म्हणून. सरकारी कागदावर माझी ती पैली सही.

महिन्यात बदलीचा हुकूम आला. जायच्या दिवशी तिची पेटी मीच डोक्यावर घेऊन तळेघरला उतरवली. तिला कळू नये म्हणून. मी न गेले असते तर कळलं असतं, असं माझं डोकं. लंकीच्या काखेत तुझा बाप. दीड तास उताराला मी बोलत व्हते, या साली पाऊस कसा पडंल, म्हैस कशी आटली. ती ऐकत व्हती. गाडी आली. ती पायरीवर चढली, वळली आन म्हणली, “झुंबर, झ चांगला आलाय.” दार लागलं.

चौकशीला बोलावलं व्हतं, तवा तिला अर्ज दाखवला असणार. दीड तास माझ्या मागं चालली ती हे म्हाईत असून.

पुढं आमच्या वाडीला दोन वर्षं मास्तर आला न्हाई. शाळेच्या व्हरांड्यात शेरडं बसायची. लंकीची चौथी ऱ्हायली ती ऱ्हायली. पंधराव्या वर्षी लग्न करून दिलं. आज आळेफाट्याला हॉटेलात भाकऱ्या थापती, दिवसाला दोनशे. गाडीवाले ड्रायव्हर हिशेब चुकले की आतनं भाकरी थापता थापता बेरीज सांगती. मालक म्हणतो गल्ल्यावर बस, तर म्हणती मला आता लिवता कुठं येतं. ती अजून म्हणती, “बाईंनी मला फसवलं. जुन्नरला नेते म्हणल्या आन पळाल्या.” मी ऐकून घेते. एकोणचाळीस वर्षं ऐकून घेतीये.

तुझ्या आजीचं दर दिवाळीला कार्ड यायचं. मी एकाला बी उत्तर दिलं न्हाई. काय लिहू? झ चांगला येतो अजून?

घरात तिनं ‘मागून घेतली’ सांगितलं, ते मला वाचवायला असं वाटून घेऊ नको. तक्रारीवरनं हाकलली असं कळलं असतं तर तुझ्या पणजीनं तिला नोकरी सोडून चुलीपुढं बसवलं असतं. तिनं तिची नोकरी वाचवली. त्यात मी बी वाचले. पण त्यापायी तिचा लेक तिच्याशी बोलायचा बंद झाला, हे मला तुझ्या पत्रानं आत्ता कळलं. हे म्हाईत असतं तर मी आधी सांगितलं असतं, असं लिहिणार व्हते. खोडलं. सांगितलं नसतं.

लाज वाटती असं लिहिणं लई सोपं हाये. लाज मला त्या दिवसापासून हाये. तिच्यासकट जेवले, तिच्यासकट पोरांची लग्नं केली. लाजेनं माझं काय बिघडलं? काहीच न्हाई. दुसऱ्यांचं बिघडलं.

आता बापाला सांगायचं का न्हाई ते तू बघ.

झुंबरबाई

*

ओतूर
१७ फेब्रुवारी २०२५

झुंबरबाई,

उत्तर द्यायला उशीर झाला. द्यायचंच नव्हतं.

पान थांबवलं. तुमचं पहिलं पत्र पुस्तिकेतून काढलं. ते वाचून मी हसले होते, त्याचा मला राग आला. दशकं, खेकडा, टाच, सगळं इतकं छान लिहिलंत आणि शेवटी ‘उगं इचारते’. तुम्ही मला चाचपून बघत होता.

आजी आजारी होती तेव्हा मी तिला आंघोळ घालायचे. एकदा ती म्हणाली, “तुझ्या बापाला वाटतं मी त्याला ओझं समजले.” मी म्हणाले, मग सांग ना त्याला काय ते. ती म्हणाली, “आता सांगितलं तर बहाणा वाटेल.” मला तेव्हा काही कळलं नाही. आणि मीही मनातून बाबांच्याच बाजूची होते. एकदा भांडताना तिला म्हणाले होते, तुला शाळेतली पोरं दिसली, घरचं नाही दिसलं. तिनं ऐकून घेतलं. तुमच्यावर चिडले की मला माझंच ते वाक्य आठवतं. त्यामुळं धड चिडताही येत नाही.

तुम्ही एकोणचाळीस वर्षं झाकलंत. मला अडीच आठवडेसुद्धा जमलं नाही. काल तुमचं पत्र बाबांना दिलं. त्यांनी ते ट्रॅक्टरवर बसून वाचलं. संध्याकाळी जेवले नाहीत. आज सकाळी मला विचारलं, “तळेघरच्या वर आता रस्ता झालाय का?”

मी झालाय म्हणाले. मला माहीत नाही झालाय की नाही.

श्रेया

*

वाडी
२४ फेब्रुवारी

श्रेया,

रस्ता झालाय. तुझा बाप काल येऊन गेला. तो तुला कितपत सांगंल म्हाईत न्हाई, म्हणून मी लिहिते. शिवरात्र परवावर आलीये, भीमाशंकरच्या गर्दीत पोस्ट अडकायच्या आत हे जायला पायजे.

दुपारी मोटारसायकल दारात थांबली. मला वाटलं लायटीचा मीटर बघायला आला. म्हणलं, “मीटर मागच्या भिंतीला हाये.” तो म्हणला, “मी गोरख.” मग बघितलं. नाक तिचंच हाये.

चा टाकला. घेतला न्हाई. खाटेवर बसला न्हाई, पडवीच्या कडेला बसला. खिशातनं माझं पत्र काढलं.

“हे तुमीच लिहिलं?”

“व्हय.”

“सगळं खरं?”

मी म्हणलं, “लिहिलं तेवढं खरं.”

“म्हंजे?”

 त्यानं पत्र घडी करून परत खिशात घातलं. मग म्हणला, “तक्रार झाली, बदली झाली, ते कळलं. एकदा ओतूरला नेल्यावर माझ्या आजीनं मला आईला परत दिला न्हाई, ते बी मला म्हाईत हाये. आजी म्हणायची, तुला नोकरी करायची तर कर, नातू आमचा हाये. पण तिनं मला तिथं नेलाच कशाला? तिला सासू म्हाईत व्हती. तिला कळत न्हवतं का, एकदा दिला की गेला? हे मला आजतागायत कळलं न्हाई.”

श्रेया, हे मी तुला लिहिलं न्हवतं. एवढी चार पानं लिहिली, सही लिहिली, झ लिहिला, आन हे गाळलं. सही केली ती रागानं. हे रागानं न्हवतं.

जायच्या आदल्या दिवशी ती त्याला कडेवर घेऊन माझ्या दारात आली. सही बघून आलेली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, पण ती आली तवा तिला म्हाईत व्हतं. उंबऱ्यावर बसली आन म्हणली, “झुंबर, याला दिवाळीपर्यंत तुझ्याकडं ठेव. तिकडं खोली मिळाली की घेऊन जाते. ओतूरला ठेवला तर मला परत मिळायचा न्हाई. तुझ्या पडवीतच वाढलाय.”

तिला दुसरं कुणी न्हवतं म्हणून आली, का मला एकदा सावरायला जागा देत व्हती, ते मला अजून कळत न्हाई. मी म्हणलं, “बाई, माझ्या घरात खाणारी तोंडं पुरी हायेत.” खोटं. चार वर्षांचं पोर खाऊन खाऊन काय खाणार? पण रोज सकाळी उठून त्याचं तोंड बघायचं मला झालं नसतं. तो माझ्या लुगड्याचा काठ धरून उभा व्हता. मी त्याची बोटं सोडवली आन तिच्या हातात दिली. ती उठली आन गेली.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याच्याकडं न बघता सांगितलं.

तो म्हणला, “दिवाळीपर्यंत.”

मी म्हणलं, “व्हय. पाच महिने.”

मग तो जे बोलला ते तुला लिहू का नको असं झालं, पण आता गाळायचं न्हाई ठरवलंय. म्हणला, “काकीकडं मी साडेतीन वर्षं तिची पोरं जेवून उठल्यावर जेवलो. दर घासाला आईला शिव्या घातल्या मनात. शेवटी दवाखान्यात ती माझ्याकडं बघत ऱ्हायची, आन मी मोबाइल काढून बसायचो. कांद्याचे भाव बघायचो. रोज. बाजार बंद असला तरी.” आन तोंड फिरवलं. एवढा बाप्या माणूस. मी पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवून आत गेले. बाहेर आले तवा तोंड धुतलेलं व्हतं.

“गाडीत बसताना आई रडली व्हती का?”

माझ्या जिभेवर आलं व्हतं, लई रडली. त्याला बरं वाटलं असतं. पण म्हणलं, “न्हाई. रडली न्हाई. तुझी चड्डी सरळ केली आन तुला खिडकीशी बसवला.”

त्यानं मान हलवली. म्हणला, “तशीच व्हती ती.” त्या घरातल्या माणसाच्या तोंडून तिच्याबद्दल मी ऐकलेलं हे पैलं धड वाक्य.

उठला, गाडीला चावी लावली, मग परत आला. “रविवारी या. सगळ्यांसमोर सांगा. साळूकाकी पुढं खुर्चीत बसलेली असती, ती ऐकती अजून. तिच्यासमोर सांगा. शेवटचं बी सांगा.”

“येते.”

“गाडी पाठवू?”

“न्हाई. मी येईन माझी.”

त्यानं माफ केलं असं काही समजू नको. तसलं काही बोलला न्हाई, मी बी मागितलं न्हाई. जाताना पाया पडला न्हाई, हे बरं केलं.

म्हंजे रविवारी मी येते. सत्काराचं नाव काढू नको. तो मातेसमानवाला तहसीलदार असंल त्याच्या आधी मला बोलू दे, तिच्याबद्दल गोड बोलून झाल्यावर माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई. मी आधी टाच सांगीन, दशकं सांगीन, भाकरी सांगीन, कारण ते बी खरंच व्हतं. ते तुझ्याकडं छापायला दिलं तवा मी तुला चाचपत व्हते, हे तू बरोबर ओळखलंस. पण लिहिताना तिची आठवण येत व्हती, ते बी खरं. दोनी एकाच येळी व्हतं. मग सही सांगीन. मग उंबरा. माझं बोलून झाल्यावर लोकांनी उठून जायचं तर जाऊ दे, तू मधी पडू नको.

त्याआधी एक काम ऱ्हायलंय. मंडपात सगळ्यांच्या बरोबर ऐकायची येळ लंकीवर यायला नको. तिला आधी कळलं पायजे, आन माझ्याच तोंडून. एकोणचाळीस वर्षं ती चुकीच्या माणसावर चिडलीये. उद्या सकाळच्या पैल्या गाडीनं मी आळेफाट्याला जाते. हॉटेलात दुपारी गर्दी असती, तवा बोलायचं न्हाई. तिचं काम संपंस्तोवर मागच्या दारी बसीन. तिला सांगीन, बाई तुला टाकून गेल्या न्हाईत, मी घालवल्या. तुझ्या चौथीच्या आड मी आले.

ती काय करंल मला सांगता येत न्हाई. तिचा हात भारी हाये, आन जीभ माझी घेतलीये. तिनं मला घरात घेतलं तर रविवारी दोघी येऊ. न्हाई घेतलं तर एकटी येईन.

झुंबर